मूठभर चुनखडी

परवा भरदुपारी दुकानात एक विशीतला पोरगा आला. गाडी सावलीला लावली, गमज्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मामा, मेंढरासाठी सगळ्यात भारी खुराक कोणता? माडग्याळ क्रॉस हायत. ईदला काढायचीत."

दहिवडीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. पेंड, भरडा, भुसा, मिठाचे खडे, चाटण विटा, दावी, घुंगरं, सगळं मिळतं. सहा-सात वर्षांपूर्वी मी या पोराला काय दिलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मका भरड्याचं एक पोतं, गहू भुशाची दोन, सरकी पेंड आणि वर म्हशीच्या खनिज मिश्रणाचा पुडा. बिल केलं असतं, चहा पाजला असता, विषय संपला. परवा मात्र त्याला बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "कोकरं किती? वजन काय? आणि मुतायला उभी राहिली की धार नीट येते का, बघितलंस का कधी?"

पोरगा हसला. तेव्हा मीही हसलो असतो.

आमचं घर धनगराचं. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, पन्नास वर्षं मेंढरं राखली. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तांडा, घाट उतरून कोकणात, पाऊस तोंडावर आला की परत माणदेशात. मी बी.कॉम. केलं आणि गल्ल्यावर बसलो. तात्यांचे गुडघे गेले तेव्हा खांडातली निम्मीअधिक मेंढरं विकली, तीसेक माद्या घरी राहिल्या. सगळ्या दख्खनी. काळ्या, काटक, चार दिवस उपाशी चालतील अशा. पण अंगाने बेताच्या. पुरी वाढलेली मादी २८-३० किलोची. कोकरू तीन महिन्यांत १२-१३ किलो झालं तरी तात्या खूश.

मला ते पुरेना. दुकानात दिवसभर लोकांची बोलणी ऐकायची, की माडग्याळचा मेंढा अमक्याने इतक्याला घेतला, तमक्याने तितक्याला विकला. जत तालुक्यातलं माडग्याळ हे गाव, तिथली ही जात. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, लांब पाय, लांब मान आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. या नाकाच्या बाकावर भाव ठरतो, हे ज्याला खोटं वाटेल त्याने एकदा आटपाडीच्या बाजारात जाऊन उभं राहावं. २०२० साली तिकडच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने विकला नाही, ही बातमी सगळ्या पेपरांत आली होती. तो निव्वळ हौसेचा मामला. पण हौस बाजूला ठेवली तरी माडग्याळचं कोकरू दख्खनीपेक्षा लवकर वाढतं, हे खरं आहे.

तर २०१८ साली मी दोन गोष्टी केल्या. जतकडून एक माडग्याळचा मेंढा आणला. आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतून जुळी देणाऱ्या, 'नारी सुवर्णा' म्हणतात त्या, आठ माद्या आणल्या.

या माद्यांची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बंगालमध्ये सुंदरबनात गरोळ नावाची मेंढी असते. एवढीशी, १२-१५ किलोची, गुडघाभर चिखलात चरणारी. पण दर वेताला दोन-तीन कोकरं. तिच्यात एक जनुक आहे, त्याला फेकबी म्हणतात. हेच जनुक १७९०च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचलं आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत उतरलं असं मानतात. ते नेमकं कोणतं हे २००१ साली कळलं, तेव्हापासून रक्ताच्या थेंबावरून तपासता येतं. निंबकरांच्या संस्थेने १९९०च्या दशकात गरोळ फलटणला आणली, दख्खनी आणि कर्नाटकातल्या बन्नूरशी तिचा संकर केला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत दख्खनीच्या अंगात ते जुळ्यांचं जनुक बसवलं. बंगालातून निघालेली वस्तू अशी फलटणमार्गे माणदेशाच्या वेशीवर आली, आणि मी ती टेंपोत घालून घरी आणली. तात्यांनी त्या माद्यांकडे बघून एवढंच विचारलं, "दोन दोन झाल्यावर दूध कुठनं आणनार?"

प्रश्न बरोबर होता. तो पहिल्याच वेतात अंगावर आला, पण ते पुन्हा कधीतरी.

माझं गणित सोपं होतं. जुळी देणारी मादी, वर माडग्याळचा मेंढा. आईकडून संख्या, बापाकडून अंग. शिवाय दोन वेगळ्या जातींच्या मीलनातून येणारा जोम वेगळा. यात आणखी एक फायदा निघाला जो मला कुणी सांगितला नव्हता. साध्या दख्खनी मादीला माडग्याळचा मेंढा दाखवला आणि पोटात एकच कोकरू राहिलं की ते पोटातच मोठं होतं. दोन माद्यांची कोकरं ओढून काढावी लागली, त्यातलं एक गेलं. जुळं असलं की दोन्ही आटोपशीर राहतात आणि सुखरूप सुटका होते. म्हणजे मोठा नर वापरायचा तर जुळी देणारी मादीच बरी. कागदावर हे सुचलं नसतं.

दुसऱ्या हंगामात, २०१९च्या पावसाळ्यानंतर, एकूण २२ नर कोकरं पोसायला निघाली. ११ माडग्याळ संकर, ११ साधी दख्खनी. तीन महिन्यांची झाल्यावर आईपासून तोडली, आंत्रविषाराची लस दिली, जंताचं औषध पाजलं आणि डिसेंबरात शेडमध्ये घेतली. दर आठवड्याला काट्यावर घालायची आणि वहीत मांडायचं. संकर कोकरं तोडताना १७ किलोच्या आसपास होती, दख्खनी १३ची. आणि खुराक सुरू झाल्यावर तर काय! संकर दिवसाला १६०-१७० ग्रॅम वाढत होती. दख्खनी ९०-१००. मी रात्री वही उघडून ते आकडे नुसते वाचत बसायचो. बायको म्हणायची, "अहो, पोराच्या मार्कांची वही एवढी कधी बघितली नाही तुम्ही."

खुराक माझ्या दुकानातलाच. शंभर किलोत ५५ किलो मका भरडा, २५ किलो गहू भुसा, १८ किलो सरकी पेंड, एक किलो मीठ, एक किलो खनिज मिश्रण, तेही साधंच, चवीपुरतं. चव यावी म्हणून वरून थोडं मळीचं पाणी. बरोबर कडब्याची कुट्टी. दख्खनी कोकरांना निम्माच खुराक, ती तात्यांबरोबर संध्याकाळी माळावर दोन-तीन तास फिरून यायची. संकर मात्र शेडमध्येच. का? कारण चालली तर वजन उतरेल, ही माझी अक्कल.

जानेवारीच्या शेवटी कडाक्याची थंडी पडली. खुराकाचा ४८वा दिवस. संध्याकाळी बायको गव्हाणीत कुट्टी टाकायला गेली ती तशीच परत आली. "ते मोठं ठिपक्याचं कोपऱ्यात उभं राहून कण्हतंय. शेपूट नुसती हलवतंय."

मी गेलो. पाय मागे ताणून, पाठ कमानीसारखी करून उभं. कुंथत होतं. मी ठरवून टाकलं, शेण अडकलंय. गोडं तेल पाजलं, पोट चोळलं, ओवा दिला. रात्री पुन्हा तेल. सकाळी शेण तर केलं, पण कुंथणं तसंच. मग कुठे पशुवैद्यकांना फोन. त्यांनी आल्या आल्या कोकरू उलटं केलं, लिंगाच्या टोकाजवळच्या केसांवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. केसांना वाळूचे बारीक कण चिकटलेले, पांढुरके.

"मुतखडा आहे. आणि तुम्ही तेल पाजत बसलाय."

मेंढ्याच्या लिंगाच्या टोकाला अळीसारखी एक बारीक शेपटी असते. खडा बहुतेक वेळा तिथेच अडकतो, नाहीतर त्याच्या मागे मूत्रनळीला इंग्रजी एस अक्षरासारखं जे वळण आहे तिथे. डॉक्टरांनी ती शेपटी कात्रीने कापली. थोडं थेंब थेंब आलं, धार काही सुटली नाही. खडा मागच्या वळणात होता. तिसऱ्या दिवशी ते एकदम शांत झालं. मला वाटलं बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय फुटलंय, म्हणून कळा थांबल्या. पोट दोन्ही बाजूंनी लोंबायला लागलं होतं. २६ किलोचं, सगळ्या वहीत पहिल्या नंबरचं कोकरू ते.

त्याच आठवड्यात आणखी दोन. एकाची शेपटी कापल्याबरोबर धार अशी सुटली की डॉक्टरांचा शर्ट भिजला. ते वाचलं. दुसरं वाचलं नाही. आणि तिघंही संकर. अकरा दख्खनींपैकी एकालाही काही नाही.

गावात लगेच निकाल लागला. "परक्या रक्ताचं आपल्याकडं टिकत न्हाय." दुकानात येणारा प्रत्येक जण हे सांगून जायचा. मलाही चार दिवस ते पटलं होतं, कारण त्यात माझी चूक कुठेच नव्हती.

डॉक्टरांनी मात्र माझ्याच दुकानातल्या एका पोत्यावर बसून माझ्याच बिलबुकाच्या मागे आकडे लिहिले. मी कॉमर्सचा माणूस. त्यांनी नेमकं माझ्या भाषेत सांगितलं: "जमा-खर्च मांडा. कॅल्शियम एकीकडे, फॉस्फरस एकीकडे. मेंढीला कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट लागतं. तुमचं काय होतंय बघा."

मग मी तो हिशोब त्या रात्री मांडला. इथे देतो, कारण माझ्यासारखे दुकानदार अजूनही तेच पोतं बांधून देतात.

शंभर किलो मक्यात कॅल्शियम जेमतेम ३० ग्रॅम, फॉस्फरस ३०० ग्रॅम. गहू भुशात कॅल्शियम १३० ग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस? एक किलोहून जास्त. सरकी पेंडही फॉस्फरसचीच धनी. माझ्या शंभर किलो खुराकात सगळं मिळून कॅल्शियम निघालं ८५ ग्रॅम आणि फॉस्फरस ५८० ग्रॅमच्या पुढे. एक किलो खनिज मिश्रण त्यात घातलं तरी चित्र फारसं पालटत नव्हतं. एका संकर कोकराच्या पोटात दिवसाला ७०० ग्रॅम खुराक आणि ४०० ग्रॅम कडबा जात होता. कडब्यातलं कॅल्शियम धरूनही दिवसाला कॅल्शियम दोन-सव्वादोन ग्रॅम, फॉस्फरस साडेचार ग्रॅम. हवं त्याच्या बरोबर उलटं. जादा फॉस्फरस लाळेतून फिरून पुन्हा पोटात येतो, काही शेणावाटे जातो, पण दाणा इतका खाऊ घातला की तो लघवीत उतरतो. लघवी दाट असली की त्याचे खडे. थंडीत पाणी बर्फासारखं, कोकरं तोंड लावून सोडून देत होती. माझ्या हौदाचं शेवाळ तर विचारूच नका.

मग दख्खनी का वाचली? रक्तामुळे नव्हे. त्यांना खुराक निम्मा होता आणि उरलेलं पोट ती तात्यांमागे माळावर भरत होती. बाभळीचा पाला, शेवरी, बोरीच्या काटेरी डहाळ्या. झाडपाल्यात कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस थोडा. म्हणजे तात्यांच्या पालव्याने माझा बिघडलेला ताळेबंद रोज संध्याकाळी जुळवून ठेवला होता. संकर कोकरं शेडमध्ये होती, भूक दांडगी होती, त्यांना जितकं घातलं तितकं त्यांनी खाल्लं. ज्याला वाढायची ताकद जास्त, त्याच्यावर माझी चूक आधी उठली. दख्खनीने ती पोटात घातली असती.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा बघूनही बघितली नव्हती. तीन-चार संकर कोकरांचे पुढचे पाय गुडघ्यापाशी किंचित आत वळले होते. मी म्हणायचो, माडग्याळचे पाय लांब असतात, चालायचंच. ती हाडं होती, चुन्याविना वाढलेली. दिवसाला १७० ग्रॅम वाढणाऱ्या अंगाला सांगाडाही त्याच वेगाने लागतो. ९० ग्रॅमवाल्याचं त्याच खुराकात कसंबसं भागतं.

तात्यांना मी हा हिशोब वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पालवा खाणाऱ्या मेंढराला मुतखडा झाल्याला मी तरी बगितला न्हाय. पर उलटं बगितलंय. दुष्काळात मेंढरं हाडं चघळायची. वाटंवर जुनं हाडूक दिसलं की खांड तिथंच थांबायचं." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, तो फॉस्फरसचा तुटवडा. वाळलेल्या गवतावर आणि पाल्यावर महिनोन्‌महिने काढलेल्या जनावराला फॉस्फरस कमी पडतो, मग ते हाडं शोधतं. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, दोन्ही टोकं. तात्यांच्या मेंढराला जे मिळत नव्हतं तेच मी पोत्याने ओतलं होतं.

दुरुस्ती अगदीच स्वस्त निघाली. भुसा २५ वरून १० किलोवर आणला. सरकी काढून २० किलो शेंगपेंड घेतली, १२ किलो तुरीची चुणी. मका तितकाच. आणि शंभर किलोला दोन किलो चुनखडीची पूड. त्या दोन किलोतच साडेसातशे ग्रॅम कॅल्शियम येतं. एवढ्याने गणित दोनास एकवर येऊन बसलं. मीठ एक किलोच ठेवलं, पण शेडमध्ये खडे टांगले, म्हणजे तहान लागेल. पाणी सकाळी कोमट करून. कडब्याबरोबर तुरीचं भुसकट. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की चुनखडी चांगली म्हणून मुठी वाढवायच्या नाहीत. कॅल्शियम अति झालं तर जस्त अंगी लागत नाही, आणि नुसत्या लसूणघासावर पोसलेल्या मेंढ्यांना चुन्याचेच खडे होतात. हे मी दुकानात प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून एक मूठ जास्तच टाकतो.

दुसरा हिशोब मला समजायला जास्त वेळ लागला. कॅल्शियम-फॉस्फरस झालं, पण लघवी आंबट (आम्लधर्मी) की खारट (अल्कधर्मी) यावरही खड्याचं ठरतं. सोडियम आणि पोटॅशियम एका पारड्यात, क्लोराइड आणि गंधक दुसऱ्या पारड्यात. पहिलं पारडं जड झालं की लघवी खारट होते आणि फॉस्फरसचे खडे खारट लघवीतच धरतात. चारा खाणाऱ्या जनावराची लघवी मुळातच खारट असते. त्यात मी मळी शिंपडत होतो, म्हणजे वरून पोटॅशियम. पारडं खाली आणायचं तर क्लोराइड द्यायचं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलं अमोनियम क्लोराइड. शंभर किलो खुराकात अर्धा किलो, तीन आठवडे.

अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाले वापरतात तो. मी घरी पिशवी आणली आणि तात्यांनी नाव ऐकलं.

"नवसागर? आता हातभट्टी लावतूस काय शेडात?"

त्यांची समजूत काढायला एक दिवस गेला. (कल्हईवाल्याचा नवसागर मात्र जनावराला घालू नका. खाद्यात चालणारा वेगळा मिळतो, तोच मागा. आणि वर्षभर घालत बसू नका, अंगातला चुना हाडातून ओढला जातो.) तो परिणाम करतोय का हे बघायची युक्ती डॉक्टरांनी दाखवली. पहाटे कोकरू बसलेलं असतं, त्याला उठवलं की ते पहिलं काम मुतायचं करतं. तेव्हा लिटमससारखी रंग बदलणारी पट्टी लांब काठीला बांधून धारेखाली धरायची. सातच्या वर आकडा म्हणजे खारट, खाली म्हणजे आंबट. पहिल्या दिवशी पट्टी साडेआठ दाखवत होती. आठवड्याने साडेसहा. थंडीत पहाटे पाच वाजता काठी घेऊन कोकरांच्या मागे वाकलेला मी आणि मोबाईलचा उजेड धरलेली बायको, हे दृश्य शेजाऱ्यांनी बघितलं आणि गावभर केलं. हरकत नाही. त्या हंगामात चौथं कोकरू आजारी पडलं नाही.

उसाच्या वाढ्याबद्दलही, म्हणजे हिरव्या शेंड्यांबद्दल, लिहायला हवं, कारण फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ कारखाने सुरू झाले की वाढ्यावरच असतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते चुन्याला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. जुने शेतकरी बैलांच्या वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायचे ते यासाठीच. त्यांना ऑक्झलेट हा शब्द माहीत नसेल, निवळी माहीत होती. मी आता वाढं घातलं तर तेच करतो.

सगळ्यात जास्त लाज मला तांब्याची वाटते. म्हशीचं खनिज मिश्रण मी वर्षानुवर्षं मेंढपाळांना विकलं. पुड्यावर गाय-म्हैस छापलेलं असतं, तरी. मेंढी तांब्याच्या बाबतीत फार नाजूक आहे. किलोभर खाद्यात ७ ते ११ मिलिग्रॅम तांबं तिला पुरतं. युरोपात मेंढीच्या खाद्यात १५ मिलिग्रॅमच्या वर तांबं चालत नाही, कायदाच आहे. म्हशीला जे पचतं ते मेंढीच्या काळजात, म्हणजे यकृतात, गुपचूप साठत जातं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही. मग एक दिवस वाहतूक, पाऊस, भीती, काहीतरी निमित्त होतं आणि साठलेलं सगळं रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, दोन दिवसांत जनावर खलास. माझ्या एका गिऱ्हाइकाने स्वस्त पडतं म्हणून कोंबडीखाद्य घातलं होतं, त्याची दोन मेंढरं अशी गेली. काविळीची नजर लागली म्हणून त्याने उतारा टाकला होता.

आणि इथे पुन्हा जात येते. नेदरलँडची टेक्सेल मेंढी तांबं भराभर साठवते, स्कॉटलंडची काळ्या तोंडाची तितकं साठवत नाही. एकाच गव्हाणीत बांधली तर टेक्सेल आधी पडते. स्कॉटलंडच्याच उत्तरेकडच्या नॉर्थ रोनाल्डसे बेटावरची मेंढी समुद्रशेवाळ खाऊन जगते. त्यात तिच्या हाती लागणारं तांबं इतकं कमी की मिळेल तो कण ती अंगात धरून ठेवते. साध्या कुरणात आणली तरी तिला विषबाधा होऊ शकते. हे वाचलं तेव्हा गावातलं ते वाक्य, "परक्या रक्ताचं टिकत न्हाय," मला नव्याने ऐकू आलं. थोडं खरं होतं म्हणायचं त्यात. रक्त बदललं की मीठ-चुन्याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. जुनाच पुढे ओढला की माझ्यासारखं होतं.

आता माझी पद्धत बसली आहे. घरच्या माद्या दख्खनी अंगाच्या, जुळ्यांचं जनुक असलेल्या. एक घराच्या वंशासाठी नारी सुवर्णाचा नर, आणि विकायच्या कोकरांसाठी माडग्याळचा. माडग्याळपासून झालेली नर कोकरं सगळी विकायची, त्यातला कितीही देखणा असला तरी मेंढा म्हणून ठेवायचा नाही. हा मोह भयंकर असतो. पहिल्या संकराचा नर अंगाने राजबिंडा दिसतो, पण त्याची पोरं एक बापावर, एक आजीवर, एक कुणावरच नाही अशी निघतात. एकदा ठेवून बघितला आहे. आणि खुराक वाढवायचा तो १५-२० दिवसांत, चढत्या मापाने. एकदम दाणा ओतला की पोट आंबतं, ते आणखी वेगळं मरण. संकर कोकरांनाही आता संध्याकाळी तासभर तात्यांबरोबर सोडतो. वजन दिवसाला १५५ ग्रॅमवर आलं. पंधरा ग्रॅम तात्यांच्या खात्यात.

तर तो परवाचा पोरगा. बाकड्यावर बसवून मी त्याला हे सगळं सांगितलं, चुनखडीचा पुडा दिला, भुसा एकच पोतं दिला. म्हशीचं मिश्रण मागितलं ते दिलं नाही, मेंढीचं दिलं. त्याला काही पटल्यासारखं दिसलं नाही. जाताना मुद्दाम म्हणाला, "मामा, तुमी इकायला बसलाय का न इकायला?"

आज पहाटे पावणेसहाला त्याचा फोन आला. आधी फोटो पाठवला होता, अंधारात काढलेला, हललेला. कोकराच्या पोटाखालचे केस आणि त्यावर मिठासारखे कण.

"मामा, ह्येच का ते?"

"कुंथतंय का?"

"न्हाय. धार बारीक हाय, पर येतीया."

डॉक्टरांचा नंबर दिला. भुसा आत्ताच्या आत्ता बंद कर म्हणालो, पाणी कोमट करून ठेव, आणि तेल पाजू नको. मग गाडी काढली. आमच्याकडे उरलेल्या रंगपट्ट्या कोनाड्यात होत्या, त्या खिशात घातल्या. तात्या अंगणात दात घासत उभे होते, त्यांनी काठी आणून दिली.